पूर्ण नावांची यादी आडनावाने सॉर्ट होत नाही, आणि एकदा केली तरी परत बिघडते, यावरचा उपाय

हा प्रॉब्लेम माझ्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी परत येतो म्हणून यावेळी सगळं एकत्र लिहून ठेवतेय. एका सभासद यादीचं काम माझ्याकडे आहे, साडेतीनशेच्या आसपास नावं, एकाच कॉलममध्ये पूर्ण नाव, शेजारी फोन नंबर आणि वर्गणीची नोंद. यादी आडनावाप्रमाणे लावून द्या असं कोणीतरी सांगतं, आपण नावाचा कॉलम सिलेक्ट करून ए टू झेड दाबतो, आणि अमित, अनिल, अनिता अशी सगळी पहिल्या नावाने लागलेली यादी समोर येते.

हे असं का होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचे उपाय पाठ करावे लागणार नाहीत. स्प्रेडशीटला नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं काही कळत नाही. तिच्यासाठी "अमित विजय पाटील" ही अक्षरांची एक सलग माळ आहे आणि सॉर्ट करताना ती माळेच्या पहिल्या अक्षरापासून तुलना करत जाते, त्यामुळे शेवटच्या शब्दावरून सॉर्ट कर असं सांगायची सोय सॉर्टच्या डायलॉगमध्ये नाहीच, एक्सेल, गूगल शीट्स, लिब्रेऑफिस कुठेच नाही. म्हणजे आडनाव वेगळ्या कॉलममध्ये आणायचं आणि त्या कॉलमवरून सॉर्ट करायचं, एवढाच मार्ग आहे. बाकी सगळं म्हणजे ते आडनाव बिनचूक बाहेर कसं काढायचं याची खटपट.

सॉर्टला हात लावायच्या आधी दोन मिनिटं काढून एक काम कराच. सगळ्यात डावीकडे एक कॉलम घाला आणि त्यात १, २, ३ असे नुसते आकडे भरा, फॉर्म्युला नको, आकडेच. हा तुमचा परतीचा रस्ता. काहीही उलटसुलट झालं तरी या कॉलमवर सॉर्ट केलं की ओळी मूळ क्रमाने येतात, फाइल बंद करून उद्या उघडलीत तरी, आणि अनडूचा भरवसा तेव्हा नसतो. आणि शीटची एक कॉपी करून ठेवा. परतीचा कॉलम ओळींचा क्रम परत आणतो पण एका ओळीतलं दुसऱ्या ओळीत गेलं असेल तर ते त्याला दुरुस्त करता येत नाही, त्यासाठी कॉपीच लागते.

एका ओळीतलं दुसऱ्या ओळीत जाणं हा या कामातला सगळ्यात मोठा धोका आहे आणि तो माझ्या बाबतीत घडलाय. नावाचा एकच कॉलम सिलेक्ट करून सॉर्ट केलं, एक्सेलने विचारलं की सिलेक्शन वाढवू का आहे तेवढंच सॉर्ट करू, मी घाईत दुसरा पर्याय घेतला. नावं हलली आणि फोन नंबर जागच्या जागी राहिले. यादी दिसायला एकदम व्यवस्थित. तीन दिवसांनी एकीला दुसऱ्याच माणसाच्या वर्गणीचा निरोप गेला तेव्हा कळलं, तोपर्यंत त्या फाइलमध्ये नवीन नोंदीही झाल्या होत्या. त्या विचारणीला नेहमी "एक्सपांड द सिलेक्शन" हेच उत्तर द्यायचं. गूगल शीट्समध्ये तर ही विचारणाच होत नाही, तिथे "सॉर्ट शीट" म्हटलं तर अख्खी शीट हलते आणि "सॉर्ट रेंज" म्हटलं तर जेवढं सिलेक्ट केलंय तेवढंच हलतं, म्हणून सॉर्ट रेंज वापरताना पहिल्या कॉलमपासून शेवटच्या कॉलमपर्यंत सगळा भाग सिलेक्ट झालाय ना ते डोळ्याने बघा. आणखी एक, मध्येच एखादा कॉलम पूर्ण रिकामा असेल तर एक्सेलला वाटतं डेटा तिथेच संपला, पलीकडचे कॉलम ते धरतच नाही आणि विचारतही नाही. दिसायला बरं म्हणून सोडलेले असे रिकामे कॉलम आधी काढून टाका.

आता आडनाव बाहेर काढायचं. बहुतेक जण पहिल्यांदा डेटा टॅबमधलं टेक्स्ट टू कॉलम्स वापरतात, डिलिमिटेड, मग स्पेस, मग फिनिश, आणि नावाचे तुकडे होऊन शेजारच्या कॉलममध्ये पडतात. यादीतली सगळी नावं तीन शब्दांची असतील तर हे झकास चालतं. पण खऱ्या यादीत कोणी "अमित विजय पाटील" लिहितं, कोणी "सुनीता जोशी", कोणी नुसतं पाळण्यातलं नाव, मग जोशी दुसऱ्या कॉलममध्ये पडतं आणि पाटील तिसऱ्या, आणि आडनावाचा कॉलम नक्की कुठला हेच सांगता येत नाही. शिवाय तुकडे उजवीकडच्या कॉलममध्ये पडतात, तिथे फोन नंबर असले तर त्यांच्यावर लिहिले जातात. एक्सेल विचारतं की इथे आधीच डेटा आहे, त्यावर लिहू का, पण सवयीने ओके दाबलं जातं. मी हा रस्ता वापरायचं पूर्ण सोडून दिलंय.

यादी छोटी असेल आणि परत परत करायची नसेल तर फ्लॅश फिल छान आहे, एक्सेल २०१३ पासून आलंय. नावाच्या लगेच शेजारच्या कॉलममध्ये पहिल्या एक-दोन ओळींत आडनाव हाताने टाइप करा आणि खालच्या सेलमध्ये येऊन कंट्रोल ई दाबा, ते पॅटर्न ओळखून बाकीचं भरतं. उदाहरण देताना एक दोन शब्दी आणि एक तीन शब्दी नाव द्या, नाहीतर ते "दुसरा शब्द" असा भलताच पॅटर्न धरून बसतं आणि निम्म्या यादीत आडनावाच्या जागी मधलं नाव येतं. आणि हे लक्षात ठेवा की फ्लॅश फिलने भरलेला तो नुसता मजकूर असतो, मूळ नाव दुरुस्त केलंत तर आडनाव आपोआप बदलत नाही, नवीन ओळ आली तर रिकामं राहतं.

माझा भर फॉर्म्युल्यावर आहे. खाली फंक्शनची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिलीयेत, शीटमध्ये टाइप करताना ती आणि सेलचे नंबर इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाकायचे. नाव ए२ मध्ये आहे असं धरलंय, परतीचा कॉलम डावीकडे घातला असेल तर तुमचा सेल बी२ होईल आणि पुढच्या फॉर्म्युल्यांतले बाकीचे कॉलमही एक घर उजवीकडे सरकतील, तेवढं बदलून घ्या. काही सेटिंगमध्ये स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम लागतो, फॉर्म्युला स्वीकारतच नसेल तर आधी हे बदलून बघा.

=ट्रिम(राइट(सब्स्टिट्यूट(ट्रिम(ए२)," ",रेप्ट(" ",१००)),१००))

दिसायला भीतीदायक आहे पण आतली कल्पना फार साधी आहे, आतून बाहेर वाचा. आतलं ट्रिम नावाच्या पुढेमागे असलेल्या फालतू स्पेस काढतं आणि मधल्या डबल स्पेसची एक करतं. मग सब्स्टिट्यूट प्रत्येक एका स्पेसच्या जागी शंभर स्पेस ठेवतं, म्हणजे शब्द एकमेकांपासून लांब लांब जातात. मग राइट शेवटून शंभर अक्षरं उचलतं, आता एवढ्या अंतरामुळे त्या शंभरात शेवटचा शब्द आणि त्याच्या आधीच्या नुसत्या स्पेसच येऊ शकतात, बाहेरचं ट्रिम त्या स्पेस पुसतं आणि हातात आडनाव राहतं. नाव दोन शब्दी असो, चार शब्दी असो, फरक पडत नाही, आणि एकच शब्द असेल तर तोच येतो, एरर येत नाही. जुन्या एक्सेलमध्ये चालतं, गूगल शीट्समध्ये चालतं, लिब्रेऑफिसमध्येही चालतं, म्हणून फाइल कोणाकडे जाणार माहीत नसेल तेव्हा मी हाच वापरते. आतलं ट्रिम विसरू नका. नावाच्या शेवटी एक चुकार स्पेस राहिली असेल तर त्या एका स्पेसच्या शंभर होतात आणि आडनावाच्या जागी रिकामा सेल येतो, "फॉर्म्युला काही ओळींवर चालत नाही" अशी तक्रार असते तिचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

नवं एक्सेल म्हणजे मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा २०२४ असेल तर यापेक्षा सुटसुटीत आहे:

=इफएरर(टेक्स्टआफ्टर(ट्रिम(ए२)," ",-१),ट्रिम(ए२))

उणे एक म्हणजे शेवटून पहिली स्पेस, तिच्या नंतरचं सगळं दे. एकशब्दी नावात स्पेसच नसते म्हणून एरर येते, त्यासाठी बाहेर इफएरर. एक्सेल २०२१ किंवा त्याआधीचं असेल तर टेक्स्टआफ्टर तिथे नाही, "#नेम?" अशी एरर दिसेल, तेव्हा वरचा शंभर स्पेसवाला वापरा.

आडनावाचा कॉलम भरला की सॉर्ट करताना डेटा टॅबमधलं मोठं सॉर्ट बटण वापरा, छोटं ए-झेड नको, कारण दोन पातळ्या हव्यात. पहिली पातळी आडनाव, मग ॲड लेव्हल करून दुसरी पातळी पूर्ण नावाचा मूळ कॉलम. पहिलं नाव वेगळं काढायची गरजच नाही कारण पूर्ण नाव पहिल्या नावानेच सुरू होतं, त्यामुळे पंचवीस पाटील असले तरी आपापसात अमित, अनिता, अशोक असे नीट लागतात. "माय डेटा हॅज हेडर्स" वर टिक आहे का ते बघा, नसेल तर हेडिंगची ओळच नावांच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसते, आणि टिक चुकून असेल आणि हेडिंग नसेल तर पहिला माणूस कायम वर अडकून राहतो. गूगल शीट्समध्ये हेच डेटा मेनूतल्या सॉर्ट रेंजच्या ॲडव्हान्स्ड पर्यायात मिळतं. मर्ज केलेले सेल असतील तर एक्सेल सॉर्ट करायलाच नकार देतं, सगळे मर्ज सेल सारख्या मापाचे हवेत असा मेसेज येतो, अनमर्ज करा आणि पुढे चला. आणि लपवलेल्या ओळी सॉर्टमध्ये हलत नाहीत, म्हणून आधी सगळ्या अनहाइड करा.

इथपर्यंत करून ऐंशी टक्के लोकांचं काम होत असावं. ज्यांचं होत नाही त्यांच्यासाठी खरं हे पुढचं लिहितेय, कारण मला यातच दोन संध्याकाळी गेल्या.

पहिला त्रास न दिसणाऱ्या स्पेसचा. वेबपेजवरून किंवा दुसऱ्या फाइलमधून नावं कॉपी करून आणली की त्यात साध्या स्पेसच्या जागी कधीकधी नॉन-ब्रेकिंग स्पेस येते, दिसायला डिट्टो, पण तिचा कोड १६० असतो आणि साध्या स्पेसचा ३२. ट्रिम फक्त ३२ वालीला ओळखतं. मग फॉर्म्युला "विजय पाटील" हा एकच शब्द समजून अख्खं परत देतो. आडनावाच्या कॉलममध्ये काही ओळींत दोन-दोन शब्द दिसत असतील तर हेच झालंय असं समजा. उपाय म्हणजे फॉर्म्युल्यात जिथे ए२ आहे तिथे सब्स्टिट्यूट(ए२,युनिकार(१६०)," ") टाका. क्लीन नावाचं फंक्शन वापरून बघाल तर त्याने ही जात नाही, ते फक्त ० ते ३१ कोडची अक्षरं काढतं.

दुसरा त्रास देवनागरीत टाइप केलेल्या यादीत आणि तो मला इंग्रजीतल्या मदतीच्या पानांवर सापडला नाही. "कऱ्हाडे" हे आडनाव घ्या. यातला तो अर्धा र दोन पद्धतीने टाइप होतो, एकात खाली नुक्ता असलेला ऱ हा स्वतंत्र अक्षर म्हणून येतो आणि त्याला हलन्त लागतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्याच्या पुढे शून्य रुंदीचा जॉइनर नावाचं एक अदृश्य अक्षर. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात. पण लेन फंक्शन लावून बघा, पहिल्या पद्धतीत कऱ्हाडे सात अक्षरांचं निघतं आणि दुसऱ्या पद्धतीत आठ. कोणाच्या फोनचा कीबोर्ड एक लिहितो, कोणाच्या कॉम्प्युटरचा दुसरा, आणि एकाच घरातल्या दोन माणसांची आडनावं स्प्रेडशीटच्या लेखी वेगळी होतात, मोजणी चुकते, एकाला शोधलं तर दुसरा सापडत नाही. सगळी एकाच पद्धतीत आणायची:

=सब्स्टिट्यूट(ए२,"र्"&युनिकार(८२०५),"ऱ्")

८२०५ हा त्या अदृश्य जॉइनरचा नंबर. त्याचा भाऊ ८२०४ पण असतो, शब्द तोडून दाखवायला वापरतात, तो आडनावात सहसा नको असतो, तोही असाच काढून टाका, त्याच्या जागी नुसतं "" द्या, स्पेस नको. मात्र ८२०५ सरसकट पुसू नका, आधी वरचा बदल करून घ्या, नाहीतर अर्ध्या र चा सरळ रफार होतो आणि माणसाचं आडनाव चुकीचं छापलं जातं. आडनावाच्या बाबतीत लोक हळवे असतात आणि ते बरोबरच आहे.

तिसरा, क्ष. आपल्या वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी, ह आणि ळ यांच्या नंतर. पण कॉम्प्युटरसाठी क्ष हे अक्षर नाहीच, ते क, हलन्त आणि ष अशा तिघांचं जोडकाम आहे, त्यामुळे अक्षरांच्या नंबरांवरून सॉर्ट झालं की क्षीरसागर जाऊन बसतात क मध्ये, कौ च्याही नंतर. यादी कागदावर छापून वाचणारे लोक मात्र क्ष शेवटी शोधतात. आडनाव डी२ मध्ये असेल तर एक छोटा कॉलम करा:

=इफ(लेफ्ट(डी२,३)="क्ष",१,०)

डावीकडून तीन अक्षरं घेतली कारण क्ष तीन अक्षरांचं मोजलं जातं. सॉर्टमध्ये हा कॉलम सगळ्यात पहिली पातळी, मग आडनाव, मग पूर्ण नाव. ज्यांना क मध्ये चालतं त्यांनी करू नका, पण जे काही ठरवाल ते प्रत्येक वेळी तेच ठेवा. आणि यादीत काही नावं इंग्रजी अक्षरांत आणि काही देवनागरीत असतील तर इंग्रजीवाली सगळी आधी आणि देवनागरीवाली नंतर असे दोन गठ्ठे होतात, त्याला सॉर्टमध्ये काही उपाय नाही, लिपी एकच करावी लागते.

नावाच्या आधी लावलेल्या श्री., सौ., डॉ. यांनी आडनाव बिघडत नाही पण दुसरी पातळी बिघडते, सगळे डॉक्टर एकत्र होतात. फाइंड अँड रिप्लेसने काढा, पण शोधताना टिंब आणि त्याच्या पुढची स्पेस धरून शोधा. नुसतं "श्री" रिकाम्या जागेने बदललंत तर श्रीकांतचा कांत होतो आणि नुसतं "सौ" बदललंत तर सौरभचा रभ, आणि हे शेकडो ओळींत एका क्लिकवर होतं. ही पदवी नंतर छापायला लागणार असेल तर तिच्यासाठी वेगळा कॉलम ठेवा.

आता ज्याला कुठलाच फॉर्म्युला पुरा पडत नाही ते. फॉर्म्युला "शेवटचा शब्द" देतो, "आडनाव" देत नाही, आणि हे दोन्ही बहुतेक वेळा एकच असतात म्हणून आपण फसतो. कोणी "पाटील अमित विजय" असं आडनाव आधी लिहिलेलं असतं, मग आडनाव म्हणून विजय येतं. कोणी "देशमुख साहेब" लिहिलेलं असतं, त्यांचं आडनाव साहेब होतं. "डी सिल्व्हा" चं नुसतं सिल्व्हा राहतं. लग्नाआधीचं आणि नंतरचं अशी दोन आडनावं लावणाऱ्या बाईंचं त्यांना हवं असलेलं आडनाव कुठलं हे तर त्यांनाच विचारायला हवं. जोडरेषेने जोडलेली आडनावं मात्र ठीक येतात कारण मध्ये स्पेस नसते, फक्त एवढं की एक्सेल सॉर्ट करताना जोडरेष धरतच नाही, ती नसल्यासारखी तुलना करतं.

मग साडेतीनशे नावं डोळ्याने तपासायची का, तर नाही. आधी प्रत्येक नावात किती शब्द आहेत ते काढा:

=लेन(ट्रिम(ए२))-लेन(सब्स्टिट्यूट(ट्रिम(ए२)," ",""))+१

सगळ्या स्पेस काढल्यावर लांबी जितकी कमी होते तितक्या स्पेस होत्या, अधिक एक म्हणजे शब्द. तीन सोडून बाकी आकड्यांवर फिल्टर लावला की माझ्याकडे चाळीसेक ओळी राहिल्या, तेवढ्या बघून होतात. त्यानंतर आडनावाच्या कॉलमचा फिल्टर उघडून आडनावांची जी यादी खाली उघडते ती एकदा वरपासून खालपर्यंत वाचा, तिथे प्रत्येक आडनाव एकदाच येतं त्यामुळे "साहेब", "विजय", "बाई" अशी खटकणारी लगेच डोळ्यात भरतात, आणि "कुलकर्णी" दोनदा दिसलं तर एकात ऱ्हस्व-दीर्घाची चूक किंवा तो अदृश्य प्रकार आहे हेही कळतं.

जी चुकीची निघाली त्यांच्यासाठी फॉर्म्युला अजून अजून वाकवत बसू नका, मी ते केलंय आणि शेवटी तो फॉर्म्युला मलाच कळेना. त्याऐवजी "पक्कं आडनाव" असा एक रिकामा कॉलम घ्या, समजा ई, चुकलेल्या ओळींत तिथे हाताने बरोबर आडनाव टाइप करा, आणि सॉर्टसाठी एफ कॉलम:

=इफ(ई२<>"",ई२,डी२)

हाताने लिहिलेलं असेल तर ते, नसेल तर फॉर्म्युल्याचं. मला या सगळ्यात ही सगळ्यात कामाची गोष्ट वाटते, कारण एकदा विचारून घेतलेलं आडनाव कायमचं टिकतं, पुढच्या वेळी परत तोच माणूस चुकीच्या जागी जात नाही. क्षवाला कॉलम केला असेल तर त्यात डी२ च्या जागी एफ२ घाला आणि सॉर्टही एफ वरच करा.

आता हे परत परत का बिघडतं त्याकडे येते. सॉर्ट ही एकदाची क्रिया आहे, शीट ती लक्षात ठेवून नव्या ओळींना आपोआप जागा देत नाही. नवीन सभासद खाली लिहिला की तो खालीच राहतो, आणि बऱ्याचदा त्याच्या ओळीत आडनावाचा फॉर्म्युलाही नसतो, मग पुढच्या सॉर्टला रिकाम्या आडनावाचे सगळे तळाला गोळा होतात आणि आपल्याला वाटतं सॉर्टच चुकतंय. एक्सेलमध्ये यादी सिलेक्ट करून कंट्रोल टी दाबून तिचं टेबल करा, मग खाली नवीन ओळ लिहिली की फॉर्म्युला आपोआप उतरतो, आणि कंट्रोल ऑल्ट एल दाबलं की आधी लावलेलं सॉर्ट परत लागतं.

त्याहून बरं म्हणजे मूळ यादीला हातच न लावणं. नवीन एक्सेलमध्ये दुसऱ्या शीटवर सॉर्टबाय आणि गूगल शीट्समध्ये सॉर्ट फंक्शन वापरलं की आडनावाने लागलेली यादी तिथे आपोआप तयार राहते, मूळ शीटवर नाव आलं की इथे ते आपल्या जागी येऊन बसतं. एक्सेलसाठी, मूळ शीटचं नाव "यादी" असेल तर:

=सॉर्टबाय(यादी!ए२:सी४००,यादी!एफ२:एफ४००,१,यादी!ए२:ए४००,१)

स्पिलची एरर, म्हणजे उत्तर पसरायला जागा नाही अशी तक्रार, आली तर खाली किंवा शेजारी कुठल्यातरी सेलमध्ये काहीतरी लिहिलेलं आहे, तो भाग रिकामा करा. रेंज यादीपेक्षा मोठी ठेवलीत तर रिकाम्या ओळींच्या जागी शून्य दिसतात, म्हणून टेबल केलं असेल तर टेबलाच्या कॉलमची नावंच वापरा, रेंज आपोआप तेवढीच राहते.

आणि या तयार यादीच्या शेजारच्या कॉलममध्ये हाताने कधीही काही लिहू नका. "पैसे मिळाले", "फोन लागत नाही" असं काही तिथे लिहिलं की ते त्या सेलला चिकटतं, माणसाला नाही. वर एक नवीन आगरकर आले की सगळी नावं एक ओळ खाली सरकतात आणि तुमची टिपणं जागच्या जागी राहून एक-एक माणूस चुकलेली दिसतात. टिपण लिहायचं ते मूळ शीटवर, त्या माणसाच्या ओळीत. आमच्याकडे आता तयार शीटला प्रोटेक्ट करून ठेवलंय, आणि नवीन सभासदाचा फॉर्म भरून घेतानाच आडनावाची चौकट वेगळी दिलीये, त्यामुळे गेल्या वेळी पक्कं आडनावच्या कॉलममध्ये मला फक्त दोन नावं हाताने भरावी लागली.